मधली खुर्ची

आमच्या आइस हॉकीच्या रिंकच्या दारातून आत शिरलं की डाव्या भिंतीवर टीमचा यंदाचा फोटो लावलाय. पुढे तीन खुर्च्या. डावीकडच्या खुर्चीत टायसन बॉइको, दात दाखवत. उजवीकडे कोडी प्रूडन, मांडीवर चषक. मधली खुर्ची रिकामी. मे वाँगच्या कॅफेतल्या गोल टेबलाने या खुर्चीचा निकाल कधीच लावून टाकलाय. ती म्हणे डिलन साबोसाठी ठेवली होती. बिचारा गळ्याजवळचं हाड मोडून सॅस्काटूनच्या हॉस्पिटलात पडला होता ना, म्हणून. परवा ईस्टरचा पाव द्यायला कॅफेत गेले, तर वॉल्ट पिडलुब्नी हीच गोष्ट परगावच्या एका बियाणं विकणाऱ्याला डोळे पुसत पुसत सांगत होता. मी पाव टेबलावर ठेवला आणि काही न बोलता घरी आले.

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात कुणाला उणं बोलायचं नाही, हे व्रत मी दर वर्षी घेते. सकाळी देवाच्या तसबिरींपुढे मेणबत्ती लावली की ते परत एकदा मनाशी म्हणायचं आणि दिवस संपेपर्यंत जिभेवर बसायचं. यंदा ते फार जड गेलं. आता ईस्टर झाला, व्रत सुटलं. तेव्हा त्या खुर्चीबद्दल बोलायला हरकत नाही.

आधी डिलनचं. डिलन आमच्या लोन स्प्रूस गावच्या टीमचा पहिल्या फळीतला सेंटर, म्हणजे मधला खेळाडू. फळी म्हणजे एकत्र बर्फावर उतरणारे तिघे चढाईवाले; अशा तीन फळ्या आळीपाळीने खेळतात. त्याने हाड मोडलं ते खेळताना नव्हे. फायनलच्या तीन मॅचेसपैकी पहिली आम्ही जिंकलो, त्या आनंदात सहा बिअर पोटात घालून तो शाळेमागचं टेकाड स्नोमोबिलवरून उडवायला गेला. टेकाड जागेवरच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावात सुतकच होतं. पहिल्या फळीच्या मध्ये आता कोण उभं राहणार, याखेरीज कुणाला काही सुचेना. माझ्या शेजारणीचा नवरा दोन आठवडे आजारी होता, त्याची चौकशी करायलाही त्या दिवशी कुणी फिरकलं नाही.

आमचा कोच ब्रेंट हॅस्केट. दोन वर्षांपूर्वी रेजायनाहून इथे आला, विमा विकतो. आल्या आल्या त्याच्या लक्षात आलं की आम्ही सगळे जन्मभर चुकीचं हॉकी खेळत आलोय. त्याच्याकडे लॅपटॉप आहे. मी गेली बावीस वर्षं रिंकवर वेळ आणि गोल लिहिते. बर्फालगतच्या काचेच्या पेटीत बसायचं, घड्याळ चालू करायचं, बंद करायचं, गोल कुणी केला ते मांडायचं. ब्रेंटने मला आणखी एक छापील कागद दिला.

"मिसेस बारान, पंच जेव्हा जेव्हा पक टाकेल, तेव्हा बर्फावर आपली कितवी फळी आहे ते लिहायचं. आणि पक आपल्याला मिळाला की त्यांना, ते. बाकी काही नको."

"बाकी काही नको?" मी विचारलं.

"बाकीचं माझ्यावर सोडा."

सोडलं. खेळ थांबला की परत सुरू करताना पंच वर्तुळात पक, ती रबराची चकती, टाकतो. दोन्हीकडचे सेंटर तिथे स्टिका टेकवून वाकलेले असतात. ज्याची स्टिक आधी फिरली, पक त्याच्या टीमचा. मी दोन हंगाम प्रामाणिकपणे फळी लिहिली आणि खूण केली. आमच्या तिसऱ्या फळीला शंभरातले बासष्ट पक मिळत होते. डिलनच्या पहिल्या फळीला अठ्ठेचाळीस. ब्रेंटने आकडे लॅपटॉपमध्ये घातले. लॅपटॉप म्हणाला, तिसऱ्या फळीचा सेंटर पहिल्या फळीत घाला.

तिसऱ्या फळीचा सेंटर म्हणजे माझा धाकटा भाऊ. मायरॉन प्रॉकोपचुक, वय एकोणचाळीस, एलिव्हेटरवर, म्हणजे गावच्या उंच कोठारावर, धान्य चढवतो. एकोणीस वर्षं तो या टीममध्ये आहे आणि एकोणीस वर्षं तिसऱ्या फळीत.

कॅफेच्या टेबलावर त्या सकाळी एवढी गर्दी, की मे वाँगला खुर्च्या स्वयंपाकघरातून आणाव्या लागल्या. मी कोपऱ्यात दुधाशिवायची कॉफी घेऊन बसले होते. शाळेची बस तीस वर्षं चालवून निवृत्त झालेला एल्डन रास्क बोलत होता. बस चालवताना हा माणूस एक शब्द बोलायचा नाही. ते सगळे शब्द त्याने साठवून ठेवले होते, असं आता वाटतं.

"मायरॉन? पहिल्या फळीत? अरे, तो वळायला घेतो तोवर पिरिअड संपतो."

"पण अनुभव बघ ना," वॉल्ट म्हणाला. "एकोणीस वर्षं."

"माझ्या ट्रॅक्टरला एकतीस झाली. म्हणून त्याला कुणी शर्यतीत घालतं का?"

"बासष्ट टक्के आहेत त्याचे. ब्रेंट स्वतः म्हणाला."

"टक्के आहेत?" एल्डनने टोपी मागे सारली. "मग आधी सांगायचं की! टक्के असतील तर प्रश्नच मिटला."

पाच मिनिटांपूर्वी वळता न येणारा माझा भाऊ टेबलाच्या मते आता डिलनपेक्षा बरा झाला. डिलन तसा उथळच होता, हेही कुणालातरी आठवलं. मग वॉल्टची नजर माझ्याकडे गेली.

"नादिया, तू सांग. तुझाच भाऊ, आणि आकडेही तुझेच. जमेल का त्याला?"

"मी फक्त लिहिते."

"तिला नको विचारूस, तिचं व्रत चालू आहे," एल्डन म्हणाला. "ती आपल्यासाठी प्रार्थना करते. कर बाई. आमच्या गोलकीपरसाठी जरा जास्त कर."

सगळे हसले. मी कॉफी संपवली. गेल्या दोन हंगामांत यांतल्या प्रत्येकाने रिंकवर प्रत्येक मॅच पाहिली होती. सूर्यफुलाच्या बिया फोडून सालं पायाशी थुंकत, डोळे बर्फावर लावून पाहिली होती. जे माझ्या पेटीतून दिसत होतं तेच त्यांच्याही समोर होतं. पण हॉकी बघायला येणारा माणूस पक बघतो. पक टाकण्याआधी काय होतं ते कोण बघणार? तेवढ्यात सालं थुंकून घ्यायची असतात.

आधी काय व्हायचं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी सुगीच्या दिवसांत धान्य चढवायच्या मळसूत्री नळात मायरॉनचा उजवा हात सापडला. बोटं राहिली, पण शेवटच्या दोन बोटांतला जीव गेला. तो कुणाला बोलला नाही. पट्ट्या मीच बदलल्या, म्हणून मला माहीत. त्याची बायको आठ वर्षांपूर्वी एडमंटनला गेली ती तिकडचीच झाली, तेव्हा माझ्याशिवाय माहीत व्हायला घरात दुसरं कुणी नव्हतंच. त्या हाताने गोल मारता येतो, कपाटही उचलता येतं. पण वर्तुळात मनगट जे क्षणात फिरवावं लागतं, ते फिरत नाही. मग मायरॉनने एक युक्ती काढली. पंच पक टाकायच्या आधीच तो स्टिक हलवायचा. तसं केलं की पंच सेंटरला वर्तुळाबाहेर काढतो आणि त्याच फळीतल्या दुसऱ्याला आत बोलावतो. मायरॉन बाहेर यायचा, डोकं हलवायचा, पंचाकडे रागाने बघायचा. त्याच्या जागी लॉर्न फेहर वाकायचा आणि पक ओढून न्यायचा.

लॉर्न एकतीस वर्षांचा. गावापासून बारा मैलांवर त्याची डुकरं आहेत. अख्ख्या हंगामात तो वीसेक शब्द बोलत असेल, त्यातले निम्मे डुकरांबद्दल. कॅफेत बसायला त्याला वेळ नाही. त्यामुळे टेबलाच्या दृष्टीने तो फारसा अस्तित्वात नव्हता.

बासष्टपैकी पन्नासच्या वर लॉर्नचे. माझ्याकडे त्याचा आकडा नव्हता, कारण कागदावर त्याला रकाना नव्हता.

बुधवारी दुपारी मायरॉन माझ्याकडे जेवायला आला. मी घेवडा घालून बिनमांसाचा बोर्श्ट, म्हणजे बिटाचं सूप, केला होता. कोट काढला तर आत लाल जर्सी. सरावात पहिली फळी लाल घालते, तिसरी करडी. जर्सी धुवायला टाकायची असते. हा पठ्ठ्या ती घालून रस्त्यातून चालत आला होता.

"ताई, बघ."

"बघितली. हात धुऊन ये."

तो बसला. तीन चमचे घेतले, मग राहवेना. "रविवारी घरच्या मॅचला दिवे घालवतात ना, आणि नाव पुकारतात. ते माझं पुकारणार. पहिल्यांदा."

"आणि शुक्रवारी हार्वी लेकला, त्यांच्या रिंकवर, काय करणार?"

"जिंकणार. मग रविवारची मॅच नावाला, नाव मात्र पुकारतील."

"लॉर्न कितव्या फळीत आहे?"

"तिसऱ्याच. का?"

"सहज. मग वर्तुळात कोण वाकणार?"

"सेंटर कोण आहे? मी."

"कुठल्या हाताने?"

चमचा त्याने डाव्या हातात धरला होता. तो त्याने खाली ठेवला. घेवडा मोजल्यासारखा ताटलीत बघत राहिला.

"चषक जिंकला तेव्हाच्या आधीच्या दोन फोटोंत मी कुठे आहे माहीत आहे तुला?" तो म्हणाला. "एकात गोलकीपरच्या खांद्यामागे अर्धं तोंड. दुसऱ्यात नुसता कान. पहिल्या फळीला पुढे खुर्च्या देतात, ताई. एकदा बसायचंय. मरेपर्यंत त्या दारातून आत जाताना डावीकडे बघायचं आणि आपण तिथे बसलेले असायचं. एवढंच."

"लॉर्नला लाल जर्सी माग ना कोचकडे."

"का म्हणून मागू? म्हणजे माझे टक्के त्याचे आहेत हे सांगू?" मग त्याच्या चेहऱ्यावर ते लहानपणचं हसू आलं, जाममध्ये बोट घातलेलं असताना यायचं ते. "तू तर सांगणार नाहीस. तुझं व्रत आहे."

माझं व्रत त्याला असं उपयोगी पडेल, हे मला व्रत घेताना सुचलं नव्हतं. मी त्याला आणखी बोर्श्ट वाढला.

शुक्रवारी हार्वी लेकला मी टीमच्या बसमधून गेले, कागदासाठी. ती मॅच वर्णन करण्यासारखी नाही, पण टेबलाने तिचं वर्णन इतक्या प्रकारे केलंय की आणखी एक चालेल. मायरॉन पहिल्या वर्तुळात वाकला. पक पडला. समोरच्याने तो ओढून नेला, तेव्हा मायरॉनची स्टिक नुकती हलायला लागली होती. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा त्याने सवयीने युक्ती केली, आधी हलला, पंचाने बाहेर काढलं. आत कोण येणार? टायसन बॉइको.

टायसन देखणा आहे. त्याच्या तीन मैत्रिणी तीन वेगवेगळ्या बाकांवर बसून मॅच बघतात. लांबून पळत येऊन गोल मारणं हे त्याचं काम, आणि ते तो चांगलं करतो. पण वर्तुळात वाकण्यासाठी त्याच्या आईने त्याला जन्म दिलेला नाही, असं त्याचं मत आहे. तो फोटो काढून घ्यायला उभा राहिल्यासारखा उभा राहिला आणि पक गेला.

बाकावर परत येताना तो मायरॉनला म्हणाला, "आजोबा, हे काय चाललंय? हलू नका ना."

"चुकून हललो."

"कंप सुटलाय का? गोळ्या घेऊन या."

बावीस वेळा पहिल्या फळीसमोर पक पडला, चार वेळा आमचा झाला. पक हातातच येत नव्हता, तर टायसन पळणार कशाच्या मागे? पाच-एक हरलो. परतीच्या बसमध्ये सगळे तळलेले बटाटे खात होते. लॉर्न मागच्या बाकावर झोपला होता. ब्रेंट माझा कागद घेऊन लॅपटॉप उघडून बसला. मग माझ्या शेजारी येऊन बसला. आवाज गोड केला. विमा विकताना करत असेल तसा.

"मिसेस बारान, आज काहीतरी गडबड झाली वाटतं तुमची."

"कसली?"

"बासष्ट टक्क्यांचा माणूस अठरावर येत नाही. गणितात बसत नाही. पेटीची काच धुकटली असेल, दिसलं नसेल नीट. होतं असं. वयाप्रमाणे डोळेही..."

"माझे डोळे बरे आहेत."

"राग मानू नका."

"मी राग मानत नाही," मी म्हटलं. म्हटलं ते खोटं होतं, आणि नंतर त्याबद्दल मी क्षमा मागितली. "तुम्ही विचारलं तेवढं मी लिहिलंय."

तो 'तेवढं' शब्दावर थांबेल असं मला वाटलं. लहान मूलही थांबलं असतं. ब्रेंटने माझ्या हातावर थोपटलं, पुढे जाऊन बसला आणि माझा कागद चुकीचा म्हणून फाडून टाकला.

शनिवारी टेबलाने निकाल दिला. काही म्हणाले मायरॉनचे पाय गेले. काही म्हणाले स्केटला धार नव्हती. एल्डनच्या मते हा सगळा हार्वी लेकच्या बर्फाचा दोष. तिथलं पाणी खारट आहे. वॉल्टने तर मानसशास्त्र काढलं: मायरॉन घाबरला. इतका वेळ चर्चा चालली, पण हाताबद्दल किंवा वर्तुळाबद्दल एक अक्षर नाही. आदल्या रात्री पन्नास मैल गाडी चालवून जाऊन हे सगळे बघून आले होते.

दुपारी मी पापनिवेदनाला गेले. जाळीपलीकडे फादर रोमन. मी म्हटलं, व्रत पाळते आहे, पण न बोलण्यामुळे कुणाचं नुकसान होत असेल तर ते पाप धरायचं का? पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, फादर विचार करताहेत.

"नादिया," ते हळूच म्हणाले, "मायरॉनचा गुडघा वगैरे दुखतोय का?"

"नाही, फादर."

"मग काल काय झालं?"

मी म्हटलं, "मला प्रायश्चित्ताच्या दहा प्रार्थना सांगा म्हणजे मी जाते." त्यांनी पंधरा सांगितल्या. त्या रात्री मी फादरसाठीही पाच म्हटल्या. त्यांना गरज होती.

रविवारी सकाळी प्रार्थना झाल्यावर खालच्या हॉलमध्ये मशरूमच्या भरल्या कोबीचं जेवण होतं. मायरॉन एकटाच भिंतीकडे तोंड करून बसला होता. दोन दिवसांत कुणी त्याच्या टेबलावर बसलं नव्हतं. मी ताटली घेऊन समोर बसले.

"मी कुणाला सांगणार नाही," मी म्हटलं. "तू निश्चिंत राहा. पण व्रत माझं आहे, मायरॉन. तुला बोलायला कुणी बंदी केलेली नाही."

"आज शेवटची मॅच आहे."

"म्हणूनच."

"एकोणीस वर्षं, ताई." तो मोठ्याने बोलला. दोन म्हाताऱ्या वळून बघायला लागल्या. तो आवाज उतरवून म्हणाला, "सांगितलं की परत करडी जर्सी. परत कान."

"आणि नाही सांगितलं की?"

तो उठून गेला. कोबीला हात लावला नव्हता. मी ती खाल्ली. उपासात अन्न टाकत नाहीत.

दुपारी दोनला रिंक भरली. दिवे गेले, ढोलकं वाजलं आणि माझ्या भावाचं नाव पुकारलं. तो एकटा बर्फावर आला तेव्हा टाळ्या थोड्या आणि हुर्यो जास्त. वरच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "आजोबा, काठी घ्या!" हेच लोक शुक्रवारपर्यंत टक्के म्हणत होते.

आमच्या जुन्या रिंकमध्ये माझी पेटी टीमच्या बाकाला लागून आहे. मध्ये प्लायवूडची भिंत, तीही छातीएवढी. बाकावरचा प्रत्येक शब्द मला ऐकू येतो आणि त्यातले बरेचसे मी ऐकलेच नाहीत असं समजून चालते. मॅच कशी गेली? पहिली फळी बर्फावर आली की पक त्यांचा, तिसरी आली की आमचा. कारण तिसऱ्या फळीत आता सेंटर म्हणून लॉर्नच वाकत होता. ब्रेंटला तिसऱ्या फळीचं कौतुक वाटलं. तो म्हणाला, बघा, मायरॉनने यांना काय शिकवून ठेवलंय. मी पेन्सिलीला टोक केलं. तिसऱ्या फळीने दोन गोल केले, आमच्या गोलकीपरच्या अंगावर आपटलेल्या अनेक पकांपैकी दोन आत गेले, मग दुसऱ्या फळीने कसाबसा एक केला. तीन-दोन आम्ही पुढे.

घड्याळात अडतीस सेकंद राहिले असताना हार्वी लेकने आमच्या गोलपाशी पक अडकवला. खेळ थांबला. पक टाकायचा आमच्याच गोलच्या बाजूच्या वर्तुळात. त्यांनी गोलकीपर काढून सहावा माणूस आणला. हा पक गेला असता तर बरोबरी झाल्यातच जमा होती. ब्रेंट ओरडला, "पहिली फळी!" असल्या वेळी पहिलीच पाठवतात, असं कुठेतरी लिहिलेलं असतं.

मायरॉन वर्तुळाकडे निघाला. अर्ध्यात थांबला. वळून बाकाकडे आला. त्याचा चेहरा मला दिसत होता. नळात हात सापडला त्या दिवशी तो असाच पांढरा होता.

"कोच, लॉर्नला पाठवा."

"काय? जा तिकडे!"

"ते बासष्ट माझे नाहीत. त्याचे आहेत." त्याने उजव्या हातातला ग्लव्ह दातांनी ओढून काढला. दोन बोटं वाळक्या शेंगांसारखी लोंबत होती. "दोन वर्षं यात काही नाही. मी मुद्दाम बाहेर निघतो, हा पक घेतो. शुक्रवारी फळीत मी होतो, लॉर्न नव्हता. म्हणून हरलो."

टायसनचं तोंड उघडं होतं, त्याला ते शोभत नव्हतं. ब्रेंटने आधी लॅपटॉपकडे पाहिलं, जणू तो काही बोलेल. मग भिंतीवरून माझ्याकडे.

"मिसेस बारान? तुमच्या कागदावर..."

"तुम्ही फळी विचारलीत," मी म्हटलं. "माणूस विचारला नाहीत."

पंच शिट्टी फुंकत होता. ब्रेंटचे कान लाल झाले होते. तो म्हणाला, "लॉर्न, जा. प्रॉकोपचुक, बाकावर."

लॉर्न उठला. कठड्यावर एक पाय टाकून थांबला.

"तोपण पाहिजे," तो म्हणाला.

"कशाला?"

"तो आधी हलतो. समोरचा बिथरतो. मग मी." एवढं बोलून लॉर्न दमला. हंगामाचे बरेचसे शब्द त्यात गेले.

ब्रेंटला ते कळलं असेल असं नाही. पण पंचाने हात वर केला होता आणि निर्णय घ्यायला लॅपटॉपकडे वेळ नव्हता. त्याने पहिल्या फळीतल्या कोडीला परत बोलावलं. मायरॉनने ग्लव्ह घातला.

दोघे वर्तुळापाशी गेले. मायरॉन वाकला. समोर हार्वी लेकचा सेंटर, शुक्रवारी त्याला धुऊन काढलेला, हसत होता. पंचाचा हात पुढे आला आणि मायरॉनची स्टिक हलली. चांगली वीतभर हलली. लपवण्याचा प्रयत्नही नव्हता. पंचाने त्याला बाहेर काढलं.

अख्खी रिंक कण्हली. "अरे म्हाताऱ्या!" हा एल्डन, त्याचा आवाज मी कुठेही ओळखीन. "घरी जा!" हा वॉल्ट. सालं बर्फावर पडली.

मायरॉन दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला. डोकं हलवलं नाही, पंचाकडे रागाने बघितलंही नाही. आत लॉर्न वाकला. आता लॉर्नही आधी हलला असता तर आमचा एक माणूस दोन मिनिटं बाहेर बसला असता, तेव्हा त्याने डोंगरासारखं थांबायचं होतं. समोरच्याचं हसू गेलं होतं. तो एकदा मायरॉनकडे बघत होता, एकदा लॉर्नकडे. पक पडला. लॉर्नने तो मागे ओढला, मायरॉनने उजव्या कोपराने समोरच्याला अडवून धरलं, बचाववाल्याने भिंतीवरून पुढे मारला, आणि तिथे टायसन होता. टायसनने रिकाम्या गोलमध्ये पक सारला. माझ्या मांजरानेही सारला असता. चार-दोन. मी घड्याळ थांबवलं आणि गोलपुढे टायसनचं नाव लिहिलं, कारण नियम तसा आहे.

मग ब्रेंटचा कागद पुढे ओढला. त्या शेवटच्या पकापुढे 'पहिली फळी' लिहिलं, खूण केली. आणि ज्याला रकाना नव्हता ते बाजूच्या कोऱ्या जागेत शाईने लिहिलं: लॉर्न फेहर. मायरॉनने बाहेर निघून दिला.

फोटोवाला बर्फावर तीन खुर्च्या मांडत होता तेव्हा लॉर्न कपडे बदलून माझ्या पेटीवरून चालला होता. त्याच्या एका डुकरिणीची वेळ भरली होती.

"फोटो काढताहेत," मी म्हटलं.

"डुकरीण," तो म्हणाला आणि गेला.

"प्रॉकोपचुक, मध्ये!" फोटोवाल्याने हाक मारली. माझा भाऊ त्या मधल्या खुर्चीपाशी गेला. पाठीवर हात ठेवला. एकोणीस वर्षं ज्या खुर्चीचं स्वप्न पाहिलं ती, आणि ती रिंकच्या हॉलमधली साधी पत्र्याची घडीची खुर्ची होती. तो म्हणाला, "लॉर्न कुठाय?"

"गेला. बस तू."

"त्याची आहे ही."

"मग दुसरं कुणीतरी बसा," फोटोवाला म्हणाला. "भोक दिसतंय मध्ये."

"दिसू दे," मायरॉन म्हणाला. कोडी सरकायला लागला तर त्याच्या खांद्यावर तो बिनजीवाचा हात ठेवून त्याला जागेवर बसवलं. मग तो मागच्या ओळीत, गोलकीपरच्या खांद्यामागे जाऊन उभा राहिला.

बाकावर जे ऐकलं ते खेळाडू बाहेर बोलत नाहीत. तेवढी रीत त्यांना आहे. ब्रेंट बोलणं शक्यच नव्हतं. आठवड्याने जिल्ह्याच्या पेपरात त्याची मुलाखत आली. शेवटच्या अडतीस सेकंदांत त्याने आकड्यांच्या आधारे धाडसी बदल केला, असं त्यात होतं. टेबलाने टायसनला पुढच्या वर्षीचा कॅप्टन करून टाकलंय. मायरॉनबद्दल त्यांचं म्हणणं असं की पहिली फळी त्याला झेपली नाही, शेवटच्या क्षणीसुद्धा बाहेर काढला गेला. पण माणूस मनाचा मोठा, डिलनसाठी खुर्ची सोडली.

मायरॉनच्या कानावर हे गेलंय. तो काल माझ्याकडे जेवायला आला होता. ईस्टर झाल्यामुळे सॉसेज होतं. मी विचारलं, कॅफेत जाऊन सांगत का नाहीस? म्हणाला, "कशाला? लॉर्नला माहीत आहे." मग तीन सॉसेज खाल्ले.

मी मात्र आज सकाळी मेणबत्ती लावली, प्रार्थना केली, आणि उद्या कॅफेत जायचं ठरवलंय. गोल टेबलावर बसणार आहे, मधल्या खुर्चीत. एल्डनला म्हणावं लागेल, जरा सरक. आणि कागद बरोबर नेणार आहे, शाईने लिहिलेला. पुढच्या चाळीस दिवसांच्या उपासाला अजून बराच अवकाश आहे.